दोन ठिकाणांहून ओ

१

दिवसातून तीस-चाळीस वेळा तरी मी यांना हाक मारते. काम असतंच असं नाही. भांडी विसळताना मारते, बाहेरच्या खोलीत केर काढताना मारते, गच्चीवर कपडे वाळत घालून उतरताना जिन्यातूनच मारते. "अहो." मग हातातलं काम थांबवून कान देते. आतल्या खोलीतून "ओ" आली की पुन्हा कामाला लागते.

सात महिन्यांपूर्वी यांना झटका आला. सकाळी दाढी करताना हातातला ब्रश पडला, तो उचलायला वाकले आणि तिथेच बसले. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेली. पाय थोडा परत आला. हात अजून उशीवर ठेवला की ठेवला तिथेच राहतो. शब्द सगळे गेले, एक ओ तेवढी उरली. तीही पूर्वीसारखी नाही. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून हवा सुटते, त्यामुळे ओच्या शेवटी निखाऱ्यावर फुंकर मारल्यासारखा आवाज येतो.

यांची वाचा परत आणायला दर मंगळवारी एक मॅडम घरी येतात. चित्रांचे पत्ते घेऊन समोर बसतात, पेला दाखवतात, पंखा दाखवतात आणि न कंटाळता वाट बघतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं, "ही ओ सांभाळा. तिला धरून एकेक शब्द वर येईल. ती गेली तर मग माझ्याही हातात काही नाही."

किती हाका मारल्या आणि किती ओ आल्या ते मी फ्रीजवरच्या कागदावर लिहायला लागले. चाळीसला छत्तीस, चाळीसला सदतीस. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. इतके मार्क मला शाळेत कधी पडले नव्हते.

२

हे लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. लोक यांना माईकवाले म्हणत. जिथे माईक लावायला जात तिथलं थोडंफार टेपवर घेऊन येत: शाळेतल्या मुलांची भाषणं, गाण्याच्या स्पर्धा, कुणाचा सत्कार. घरी आले तरी टेप चालूच. मुलाचे बोबडे बोल आहेत, माझ्या शिवणयंत्राचा आवाज आहे, आमची दोघांची भांडणं आहेत. आवाज फुकट जाऊ देऊ नये, असं यांचं म्हणणं. अशा दोनशे बारा कॅसेट माळ्यावर होत्या.

आमचा मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला असतो. यांच्या आजारपणात आला तेव्हा सगळ्या कॅसेट गाडीत घालून घेऊन गेला आणि चार महिन्यांनी त्याने विटेएवढी एक काळी पेटी पाठवली. तो तिला सर्व्हर म्हणतो. दोनशे बारा कॅसेट, सगळे फोटो, मुलाच्या लहानपणच्या फिती, सगळं तिच्या पोटात. घरातल्या कुठल्याही खोलीत ऐका, बघा. मॅडमनाही कल्पना आवडली. ओळखीचे आवाज कानावर पडले तर बरंच, म्हणाल्या.

पेटी बसवायला इंटरनेटचा जोडणीवाला आला. चाळिशीचा, बोलका माणूस. त्याने बाहेरच्या खोलीतल्या राउटरपासून टीव्हीखालच्या कपाटापर्यंत भिंतीच्या कडेने तार नेली, दर वितीवर एक खिळा ठोकला. स्वयंपाकघरातल्या फळीवर आणि आतल्या खोलीत यांच्या डोक्याशी एकेक छोटा स्पीकर ठेवला. त्या स्पीकरना तार नाही, ते वायफायवर चालतात. पेटीला मात्र दोन्ही रस्ते आहेत, असं त्याने मला समजावलं. तारेचा रस्ता पक्का, हवेतला जरा लहरी. एक बंद पडला तर दुसरा.

काम झाल्यावर त्याने मोबाईलवर काहीतरी तपासलं. मी विचारलं, हे काय करता? तो म्हणाला, "हाक मारून बघतोय, ताई. आपण हाक मारायची, पेटीने ओ द्यायची. ओ आली म्हणजे जोडणी झाली. आमच्यात याला पिंग म्हणतात, पण प्रकार तोच."

मला ते फार आवडलं. मी म्हटलं, म्हणजे तुमचं आणि माझं काम एकच.

शेवटी मुलाने फोनवरून सांगितलं की आता मोबाईलवर एक चौकोन येईल आणि पेटीचं नाव विचारेल. त्या नावाने हाक मारली की ती ऐकेल, बटण दाबायला नको. "बाबांचंच नाव दे," तो म्हणाला, "त्यांचीच तर पेटी आहे."

मी मोबाईल धरून बसून राहिले. तीस वर्षांच्या संसारात यांचं नाव मी तोंडाने घेतलेलं नाही. कुणाची मनाई नव्हती, जीभच वळली नाही कधी. दवाखान्याच्या कागदावर लिहितानासुद्धा कुणा दुसऱ्याच माणसाबद्दल लिहितेय असं वाटतं. चौकोनातली ती रेघ लुकलुकत होती. मी लिहिलं: अहो.

जोडणीवाला डोकावून हसला. फोनवर मुलगाही हसला. म्हणाला, "आता घरात दोन अहो झाले. एक तरी तुझं ऐकेल."

३

पहिले दोन आठवडे चांगले गेले. मी म्हणायचे, "अहो, शिवणयंत्राची कॅसेट लावा." आधी "टुंग" असा आवाज व्हायचा, म्हणजे पेटीने ऐकलं, आणि मग तिन्ही खोल्यांमधून माझं वीस वर्षांपूर्वीचं शिवणयंत्र चालायला लागायचं. पेटीलाही मी अहो-जाहोच करायचे. हे पडल्या पडल्या ऐकायचे आणि तोंडाच्या डाव्या बाजूने हसायचे. उजवी बाजू हसत नाही.

नुसती हाक मारली तर दोन्हीकडून उत्तर यायचं. आधी आतून ओ, मग टुंग. पुढे दोन्ही एकदम यायला लागली. मग आधी टुंग आणि मागून ओ. मग टुंगच.

याचं मला नवल वाटलं नाही. पेटीने उत्तर दिलं म्हणजे हाक पेटीला होती असं यांना वाटत असणार. कुणालाही वाटेल. मग मी आत जाऊन, यांच्या डोळ्यांत बघून हाक मारायला लागले. पण उशाशी स्पीकर होताच. माझा ओठ हलायचा अवकाश, टुंग.

एका गुरुवारी सकाळी मी ओट्याशी उभी राहून भाजी निवडत होते. सवयीने हाक मारली. टुंग झालं नाही. फळीवरच्या स्पीकरमधून "ओ" आली.

मी दचकले आणि मग हसू आलं. मुलाला फोन केला. त्याने सांगितलं, त्यात काय एवढं, कॅसेटमध्ये तू दहा हजार वेळा अहो म्हणाली असशील आणि बाबांनी दहा हजार वेळा ओ दिली असेल, पेटीने त्यातलीच एक काढून लावली. पटण्यासारखं होतं. फोन ठेवून मी भाजी संपवली. कढई तापत ठेवली. मग लक्षात आलं.

त्या ओच्या शेवटी फुंकर होती.

कॅसेट भरल्या तेव्हा यांचा ओठ शाबूत होता. झटका आल्यापासून टेपरेकॉर्डरला कुणी हात लावलेला नाही.

मी गॅस बंद केला. स्वतःची समजूत घातली की यांच्या उशाशी असलेल्या स्पीकरला कान असतात, त्यानेच यांची आतली खरी ओ इकडे आणून सोडली असेल. मोबाईलमध्ये नाही का आवाज इकडचा तिकडे जात. मी आत गेले. हे शांत झोपले होते. तोंड मिटलेलं, श्वास एका लयीत. मी त्यांच्या चेहऱ्यावर वाकून अगदी हळू, स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल अशी हाक मारली.

ओठ हलले नाहीत. ओ स्वयंपाकघरातून आली. मी जिथून आले होते तिथून.

४

मंगळवारी मॅडमनी फ्रीजवरचा कागद वाचला. चाळीसला अकरा. त्यांनी पेल्याचं चित्र धरलं, पंख्याचं धरलं. यांनी चित्राकडे बघितलंच नाही. हे दाराकडे बघत होते.

मी त्यांना सगळं सांगितलं नाही. फुंकरीचं सांगितलं नाही. वेडी म्हणाल्या असत्या असं नाही, फार सभ्य बाई आहेत, पण मीच उच्चारलं असतं तर ते खरं झालं असतं. पेटीचं नाव अहो ठेवलंय आणि यांचा घोटाळा होतो, एवढंच सांगितलं. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. आधी का नाही सांगितलंत, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"माणसाला आणि यंत्राला एकच नाव कशाला?" त्या म्हणाल्या. "आजच्या आज बदला."

मोबाईलवर मी दोनदा प्रयत्न केला. पेटीला नुसतं "पेटी" नाव दिलं. प्रत्येक वेळी एक लाल ओळ यायची की हे नाव आत्ता बदलता येणार नाही. मी जोडणीवाल्याला बोलावलं.

५

तो दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आला. हे आत पडून होते. मी बाहेरच्या खोलीत त्याच्यासमोर बसले.

त्याने मोबाईलवर घरातल्या जोडलेल्या वस्तूंची यादी काढली. टीव्ही, दोन स्पीकर, माझा मोबाईल, आणि पेटी. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "ताई, अहो नावाने दोन ठिकाणांहून ओ येतेय."

मी म्हटलं, एक तारेची असेल आणि एक वायफायची, तुम्हीच तर दोन रस्ते म्हणाला होतात. तोही म्हणाला, तसंच असणार. त्याने पेटीचं वायफाय बंद केलं. यादीत दोन अहो तसेच. त्याने तार उपसली. एक अहो गेलं, दुसरं राहिलं. म्हणजे तारेवरचं एक आणि हे हवेतलं दुसरं, पण हवेतला रस्ता तर त्याने बंद केला होता. मग त्याने पेटीचा प्लगच काढला. टीव्ही, दोन्ही स्पीकर, माझा मोबाईल, सगळं बंद केलं. घर इतकं शांत झालं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं.

यादीत एक अहो होतं.

"शेजाऱ्यांचं काहीतरी असेल," तो म्हणाला आणि गंमत वाटल्यासारखा त्याला हाका मारत बसला. मोबाईल माझ्याकडे वळवून दाखवला. "पेटी कशी, झटकन ओ देते. हे बघा, वेळ लावतं. दहा हाका मारल्या तर सात-आठ ओ येतात, बाकीच्या वाटेतच राहतात. काहीतरी जुनं आहे. बिचारं दर वेळी उठून दारापर्यंत येतंय असं वाटतं."

तो हसला. मीही हसले. ते मी विसरू शकत नाही.

आतून अधूनमधून बारीक आवाज येत होता. फूः. थोडं थांबून, फूः. मला वाटलं यांना तहान लागली असेल, हा माणूस गेला की पाणी देऊ. मी हाक मारलेली नव्हती. पेटी बंद होती. हाका तो मारत होता, बोटाने, काचेवर.

त्याने सगळं पुन्हा चालू केलं, पेटीचा प्लग आणि तार परत लावली. म्हणाला, एका नावावर एकच राहतं. दोघं एका नावाला भांडतायत म्हणून बदल होत नाहीये. एकाला ठेवून एकाला काढायला लागेल.

"कुठलं ठेवू?"

मी फार विचार केला नाही. भाजीवाल्यापुढे एखादी जुडी निवडताना करते तेवढासुद्धा नाही.

"तारेचं ठेवा," मी म्हटलं. "तारेचं पक्कं असतं म्हणता ना तुम्ही."

त्याने बोट टेकवलं. यादीत एकच अहो राहिलं. मग नाव बदलायला गेला, तर ते काही बदलेना. तीन-चारदा पेटी लिहिलं, पुन्हा अहोच. कंपनीला विचारून कळवतो म्हणाला आणि पिशवी उचलून गेला.

मी पाण्याचा पेला भरून आत गेले. अहो, पाणी. डोळे उघडे होते. आता फुंकरीचा आवाज येत नव्हता.

६

डॉक्टर आले. नाडी ठीक, दाब ठीक. दुसऱ्या दिवशी गाडी करून नेलं, डोक्याचा फोटो काढला. नवीन काही नाही, आहे तेच आहे, असं म्हणाले. खाऊ घातलं की हे गिळतात, कूस वळवली की वळतात. पण हाकेला ओ नाही. डोळ्यांत बघितलं तर माझ्या पलीकडे कुठेतरी बघतात, रस्त्याच्या कडेला वाहनाची वाट बघत उभा असलेला माणूस बघतो तसे.

मॅडमनी पाऊण तास प्रयत्न केला. मग पत्ते गोळा करून रबर लावलं आणि निघताना माझा हात धरला. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, आता पुन्हा काय सांगणार.

त्या संध्याकाळी मी चहाचं आधण ठेवलं. दोन कपांचं ठेवलं, मग माझंच मला वाईट वाटलं. रिकाम्या घरात बोलावं तसं म्हटलं, "अहो, चहा घेता का?"

फळीवरून आवाज आला. "अर्धा." आणि शेवटी फुंकर.

कॅसेटमधलं असेल, मी म्हटलं. अर्ध्या कपाचं यांचं जुनंच आहे. पण दुसऱ्या दिवशी "पाणी" आलं. मग "पंखा". मॅडमच्या पत्त्यांवरचे शब्द, एकेक करून, जणू दोर धरून विहिरीतून वर चढतायत. चार दिवसांनी दोन शब्द जोडून आले, "बस जरा." मला आनंद झाला. हे लिहायची लाज वाटते, पण झाला. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले, कडेने ओघळणारं दूध तसंच जाऊ दिलं आणि फळीकडे बघून रडले.

मी स्वतःला समजावत होते की यंत्र हुशार असतं, जुन्या आवाजातून नवे शब्द जुळवतं, मुलगा म्हणालाच होता. मग एका दुपारी फळीवरून आलं, "उकडतंय." मी आत जाऊन यांच्या मानेला हात लावला. मान घामाने चिंब होती. उशी ओली होती. ते कॅसेटमधलं नव्हतं.

मी तशीच बाहेरच्या खोलीत गेले, कपाटाखाली हात घातला आणि तार उपसली. राउटरही बंद केला. परत आत आले तोवर एक मिनिटसुद्धा झालं नसेल. यांचा हात लादीसारखा गार झाला होता. एक श्वास झाला. दुसऱ्याची मी वाट बघितली. घड्याळ ऐकलं. आणखी वाट बघितली. मग मी धावले, तार त्या भोकात शिरेना. शिरली. राउटरचे दिवे एकेक करून लागायला किती वेळ घेतात ते मला त्या दिवशी कळलं.

"आलो," फळीवरून आवाज आला. कंटाळलेला, दमलेला, यांचाच. आत हे श्वास घेत होते.

७

जोडणीवाल्याला मी फोन केला. तुम्ही ते काढलेलं परत घ्या, म्हटलं. त्याला आधी कळेना. मग म्हणाला, अहो ताई, ते शेजाऱ्यांचं होतं ना? मी पुन्हा तेच म्हटलं. माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण तो नरमला. मी बंदी उठवतो, म्हणाला, पण परत जोडून घ्यायचं ते त्याचं त्याने. आपण हाक मारतो ती यादीतल्यांना. जे यादीत नाही त्याला कुठल्या नावाने हाक मारणार?

ते खरंच होतं. अहो म्हटलं की आता ते पेटीलाच पोचत होतं. मग माझ्याकडे यांना बोलवायला एकच शब्द उरला होता.

मी आतल्या खोलीचं दार लावलं. उशाशी बसले. यांचा गार उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि तीस वर्षांत पहिल्यांदा यांचं नाव घेतलं. सगळं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, शाळेत हजेरी घेतात तसं. मग नुसतं नाव. मग पुन्हा. माझ्या तोंडात ते उष्टं वाटत होतं, दुसऱ्या कुणाच्या ताटातलं.

यांनी माझ्याकडे बघितलं. खरंच बघितलं, डोळे माझ्यावर आले. मी कोण, हे त्या डोळ्यांना कळलं नाही. चुकीच्या घराची बेल वाजवणाऱ्या बाईकडे बघावं तसं बघितलं, त्रास न देता, वाट बघत, की ही आता आपलं चुकलं म्हणेल आणि जाईल.

पेटीही गप्प होती. टुंग नाही, काही नाही. ते नाव त्या घरात कुणाचंच नव्हतं.

८

त्यानंतर मी अहो म्हणायचं बंद केलं. घरात बोलायचंच बंद केलं. मुलाला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, शनिवारी येतो, तोवर कशालाही हात लावू नकोस. तो काळजीत होता. यांच्या नाही, माझ्या.

आज शुक्रवार. दुपारचे तीन वाजले असतील. ऊन खिडकीतून पलंगाच्या पायापर्यंत आलं होतं. मी यांच्या शेजारी खुर्चीवर बसून धुतलेल्या उशांच्या अभ्र्यांना बटणं लावत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. बाहेरच्या दाराला आतून कडी होती, मी स्वतः लावलेली.

"अगं."

उशाशी असलेल्या स्पीकरमधून आलं ते. फुंकर नव्हती. स्वच्छ, भरदार, माईकवाल्याचा आवाज. त्याच क्षणी स्वयंपाकघरातून आलं, आणि बाहेरच्या खोलीतून, टीव्हीतून. "अगं." आणि यांचे ओठ हलले. स्पीकरच्या किंचित मागून, पण हलले. दोन्ही बाजू हलल्या.

सात महिने मी हाका मारल्या होत्या. यांनी मला एकदाही मारली नव्हती. माझ्या हातातली सुई कुठे गेली मला कळलं नाही.

"अगं, ऐकलंस का?"

ओ माझ्या ओठांवर आली होती. इतकी वर्षं ती आपोआप येते, विचारून येत नाही. पण मला त्या जोडणीवाल्याचं बोट दिसलं, काचेवर टेकलेलं. दिलेली ओ कुठे जाते, ती कोण धरून ठेवतं, माझी मला किती उरेल, काहीच ठाऊक नव्हतं. मी ओ दिली तर यांना धरून ठेवायला या घरात उद्या कोण असेल? मी डाव्या हाताने तोंड दाबून धरलं. दातांखाली तळवा आला तरी सोडला नाही. हे वाट बघत होते. कपाळावर घामाचे बारीक थेंब होते. ओ आली नाही तर काय होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? मी ते चाळीस वेळा रोज सोसलं आहे. तरी मी तोंड उघडलं नाही.

"ओ," स्वयंपाकघरातून आलं.

माझा आवाज. मी कामात असताना देते तशी, जरा लांबवलेली, जरा वैतागलेली. "आले हं."

ती ओ कुठल्याच कॅसेटमधली नव्हती. त्या आवाजाला माझ्या आत्ताच्या वयाचा घोगरेपणा होता.

मग नळ बंद झाल्याचा आवाज आला. नळ चालू होता हे मला तोवर जाणवलंही नव्हतं. ओले हात पुसायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला. आणि पावलं. माझा डावा पाय थोडा घासत पडतो, बाळंतपणापासून.

हे हसले. सात महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण हसले, दोन्ही गालांनी, डोळ्यांनी. मान उशीवरून उचलली. माझ्या खांद्यावरून ते दाराकडे बघत होते, आणि मी मध्ये येत होते, कारण यांनी मान आधी एका बाजूला केली, मग दुसऱ्या.

पावलं उंबऱ्याशी थांबली. मी मागे वळले नाही.

मी मांडीवरचे अभ्रे उचलले आणि खुर्ची थोडी बाजूला घेतली, यांना नीट दिसावं म्हणून.